सुलभाकाकूचं हेलिकॉप्टर का थरथरलं

अमेरिकेत, चँडलरमध्ये आम्हा मराठी मुलांना सगळ्या काकू सारख्याच वाटायच्या, एक सुलभाकाकू सोडून. मूळची नागपूरची, कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत टेस्ट इंजिनियर, आणि दर शनिवारी रिमोटचं हेलिकॉप्टर उडवायची. तिचे यजमान उल्हासकाका फक्त गाडीतून सामान उतरवून द्यायचे.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात अशी विमानं-हेलिकॉप्टरं उडवणाऱ्यांच्या क्लबच्या मैदानावर तिनं इंजिन सुरू केलं. पात्यांना वेग येऊ लागला आणि अख्खं हेलिकॉप्टर हिवताप भरल्यासारखं थरथरायला लागलं. ती इंजिन बंद करते तोच एक पातं खाली झुकलं आणि शेपटीची नळी कापून गेलं.

क्लबची सेफ्टी बघणारा हँक सगळ्यांसमोर ओरडला, "बायकांचा हातच जड! पुन्हा नवशिक्यांची परीक्षा दिल्याशिवाय हिनं इथं उडवायचं नाही."

आणि उल्हासकाका म्हणाले, "सॉरी, हँक."

घरी आल्यावर गॅरेजचं दार बंद झालं आणि काकू भडकली. "माझ्या वतीनं सॉरी म्हणायला तुला कोणी सांगितलं होतं?"

"जाऊ दे ना यार, कशाला इश्यू करायचा?"

"कशाला? माझ्या हातावर बोलला तो!"

त्या रागातच तिनं नळी बदलली, नवी पाती तोलून बसवली, मधला दांडा वाकलाय का तेही फिरवून पाहिलं. सगळं ठीक. तरी अंगणात चालू केल्यावर थरथर होतीच. मग तिनं इंजिन बंद करून दोन्ही पाती टोकांना धरली आणि वरखाली दाबली. आतल्या रबरानं चटकन उलटं लोटायला हवं होतं. पाती नुसती लोळत होती. पाती जिथं बसतात ते हेलिकॉप्टरचं डोकं तिनं उघडलं. पात्यांच्या दांड्याला दोन्ही बाजूंनी धरून हादरे पिणाऱ्या रबरी रिंगा भिजल्या हरभऱ्यासारख्या फुगून लिबलिबीत झाल्या होत्या. भोवती काळपट ग्रीस.

हे तिचं ग्रीस नव्हतं. मागच्या महिन्यात ती रेडिओ तपासत असताना हँकनंच न विचारता बोट भरून लावलं होतं. "गाडीच्या चाकाचं आहे, बेस्ट!" असं वर सांगितलंही होतं. काकूनं एक कोरी रिंग तसल्याच ग्रीसमध्ये बुडवून ठेवली. आठवडाभरात तीही फुगली. मग तिनं नव्या रिंगा रबर न फुगवणारं सिलिकॉन ग्रीस लावून बसवल्या. इंजिन चालू केलं तर हेलिकॉप्टर जराही थरथरलं नाही.

पुढच्या शनिवारी तिनं फुगलेल्या रिंगा हँकच्या तळहातावर ठेवल्या. "तुझं ग्रीस. माझा हात नव्हे. आता तेवढ्याच मोठ्यानं सगळ्यांना सांग."

हँक हसला. "इझी, हनी."

"हनी असेल तुझ्या घरी!" काकू मराठीत कडाडली. शब्द कोणाला कळले नाहीत, पण राग सगळ्यांना कळला.

काका कुजबुजले, "चल, जाऊ या."

"तू जा."

परवानगी न घेता तिनं हेलिकॉप्टर वर नेलं आणि टाकी संपत येईस्तोवर एका जागी स्थिर धरून ठेवलं. मागे हँक ओरडत होता, मेंबरशिप कॅन्सल म्हणून.

खरोखरच कॅन्सल केली. काकू मग कापसाच्या शेतांपलीकडच्या माळावर उडवायला लागली. सामान काकाच उतरवायचे, पण कितीतरी दिवस ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलायची. वर्षभरानं हँकचा फोन आला. क्लबातली दोन हेलिकॉप्टरं थरथरतायत, जरा येऊन बघशील का?

"आधी मैदानावर माफी. मग बघते," म्हणत काकूनं फोन आपटला.

ना माफी आली, ना काकू गेली.