समुद्रापलीकडची ताल

ब्याण्णव साली साताऱ्याहून सकाळच्या एसटीने निघाले ते नातीसाठी स्थळ घेऊन. मुलगा बरा होता, जमीन बागायत. माझे जावई नवी मुंबईत कांदा-बटाटा बाजारात माथाडी आहेत. त्यांनी कळवलं होतं, 'सुजाता यंदा पास झाली तर शिकेल, नापास झाली तर लग्न उरकून टाकू.' सुजाता घरांचे नकाशे काढायला शिकवणाऱ्या कॉलेजात होती.

पनवेल मागे पडल्यावर चिखल, खाडी आणि मध्येच कोरी घरं दिसू लागली. सगळी एकसारखी. संध्याकाळी दमून आलेला माणूस आपलं दार कसं ओळखतो, देव जाणे.

कोपरखैरण्याला पोहोचले तेव्हा शेजारची आगरी बाई निवट्यांचं (चिखलात उड्या मारणारे छोटे मासे) कालवण आणि तांदळाची भाकरी घेऊन आली.

"खा गो आजी, खारीतलं ताजं हाय. तुमच्या घाटावर कुठं मिलतंय?"

काटे फार. चव त्याहून जास्त. दोन भाकऱ्या खाल्ल्या.

सुजाता मात्र जेवत नव्हती. कॉलेजसाठी केलेल्या पुठ्ठ्याच्या छोट्या घरासमोर तोंड पाडून बसली होती. "आजी, सरांनी भिंत नापास केली. परवा शेवटचा दिवस. गेलं माझं वर्ष."

भिंत बघितली. थर्मोकोलवर पेनाने दगड काढले होते. सरांचं बरोबर होतं.

मूळ घर होतं क्रोएशिया नावाच्या देशातलं. ते बांधणाऱ्याचं नाव माझ्या जिभेवर बसलं नाही, म्हणून लिहीत नाही. गवंड्याचा मुलगा. पोरवयात होड्या रंगवायचा, मग शिकून घरं, शाळा, दवाखाने बांधले, खुर्च्यासुद्धा स्वतः घडवल्या. म्हातारपणी बांधकाम सोडून नुसती चित्रं काढत बसला. सुजाताने त्याच्या कामाचे फोटो जमिनीवर मांडले. एका घराच्या वाटेत जुनं झाड आलं, तर त्याने झाड तोडलं नाही, भिंत वळवली. एका दवाखान्यात प्रत्येक खाटेवरून समुद्र दिसत होता. माझा नवरा सरकारी दवाखान्यात वारला तेव्हा त्याच्यासमोर मोरीचं दार होतं. दुसऱ्याच्या कामात मी खोट काढतेच. इथे काढता येईना.

सुजाताच्या वाट्याला आलेलं घर समुद्रावरच्या उतारावर होतं. त्या घराच्या पायथ्याचा फोटो बघितला आणि मी म्हटलं, "अगं, ही तर ताल आहे." (उतारावरची माती अडवायला, चुना-सिमेंट न घालता रचलेली दगडी भिंत.) दुष्काळी कामावर मी अशा ताली रचल्या आहेत. हा माणूस खोदताना निघालेलाच दगड तिथे वापरायचा, असं फोटोखाली लिहिलं होतं. आम्हीही तेच करत होतो. आमच्याकडे दुसरा दगड नव्हता, एवढाच फरक.

सकाळी दोघी डोंगराकडे खाणीवर गेलो. रखवालदार ओरडला, "ओ मावशी, डंपर येतात इथं! मरायला आलात काय?"

"भिंत बांधायचीय."

"केवढी?"

मी वीत दाखवली.

"मग अख्खा डोंगर घेऊन जा," तो म्हणाला आणि हसत बाजूला झाला. कपच्यांची पिशवी भरली.

मी रचायला हात लावला नाही. परीक्षा तिची. बुडाला मोठे दगड, तोंड आत कललेलं, पोकळीत कपची. सांध्यावर सांधा आला की मी पाडत होते.

"आजी, आता बस ना!"

"पाऊस बस म्हणतो का?"

चार वेळा पाडली. पाचव्यांदा उभी राहिली. पहिल्या दगडाला मात्र मी हळदकुंकू लावलं होतं. पायाला लावतातच.

शेवटच्या दिवशी कॉलेजला रिक्षाने निघालो. गतिरोधकावर वरचे दोन थर माझ्या मांडीवर आले. सुजाता गेटपाशी जमिनीवर बसून पुन्हा रचू लागली, भोवती पोरांचा घोळका.

सर आले, वाकले. "हे लाल-पिवळं काय?"

मी म्हटलं, "हळदकुंकू. मी लावलं."

"आजी, हे घर त्या बांधणाऱ्याचं आहे, तुमचं शेत नव्हे. याचे मार्क जाणार."

"जाऊ द्या. भिंत बघा."

त्यांनी पेन्सिलीने भिंत ढकलली. हलली नाही.

"गोंद कुठला?"

"गोंद नाय सर," सुजाता म्हणाली. "आत कललीय म्हणून उभी हाय. मागनं माती ढकलते, भिंत तिला ढकलते. पानी फटीतनं निघून जातं, म्हणून फुगत नाय."

सरांनी वहीत काहीतरी लिहिलं. "पास. काठावर, पण पास."

मग ते माझ्याकडे वळले. "आजी, त्या भागात सध्या लढाई चालू आहे. हे घर आज उभं आहे की नाही, कुणाला ठाऊक नाही."

सुजाताने पुठ्ठ्याच्या घरामागे टेकवलेल्या तालीच्या फोटोपुढे मी पुन्हा उभी राहिले. छप्पर जळेल, खिडक्या फुटतील. ताल तोफेने पाडली तरी दगड तिथेच पडून राहतील. कुणीतरी बाई येईल आणि परत रचेल. त्या माणसाला हे ठाऊक असणार. एवढी घरं बांधून त्याने पायाशी असं काही ठेवलं, जे साध्या मजुराला परत उभं करता यावं. मी तिथे बराच वेळ होते. घंटा झाली, तरी कुणी मला हटवलं नाही.

परतीच्या एसटीत झोप आली नाही. त्याला मी पाहिलं नाही, त्याची भाषा मला कळली नसती. पण तो दगड कसा ठेवतो ते मला ठाऊक आहे. कितीतरी सोयऱ्यांबद्दल मला एवढंही ठाऊक नाही.

गावात उतरले ती थेट स्थळवाल्यांच्या घरी गेले. पोरगी शिकणार आहे, थांबू नका, म्हणून सांगितलं.

मुलाची आई म्हणाली, "शिकून काय दिवे लावणार?"

"ताली रचणार."

तिला वाटलं, मी तिची चेष्टा करते आहे. चहासुद्धा विचारला नाही.