साडेचौदा शेर मैनी

माणूस समोर आला की मापारीबुवा आधी एक डोळा मिटत, मग तो उघडून दुसरा मिटत. रामराम वगैरे त्यानंतर. तेवढ्यात त्यांनी समोरच्याला मनातल्या मनात पारड्यात बसवून उतरवलेलंही असे. "दीड मण," ते म्हणत. "मागच्या खेपेले तीन शेर जास्त होते तुमी. ताप आल्ता काय?" आणि बहुतेक वेळा ताप येऊन गेलेला असे.

अमरावतीच्या कापसाच्या बाजारात मी त्यांच्या शेजारी चार हंगाम बसलो. ते काट्यावरचं वजन पुकारायचे, मी चिठ्ठी लिहायचो. तुम्ही ते दिवस पाहिले नसतील. कुठेतरी साता समुद्रापलीकडे गोऱ्या लोकांची आपसात लढाई जुंपली, तिकडचा कापूस बंद पडला आणि आमच्या वऱ्हाडातल्या काळ्या मातीला एकदम शिंगं फुटली. ज्याच्या घरी काल अंबाडीच्या भाजीवर तेल नव्हतं, तो आज बैलाच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवून बाजारात येऊ लागला.

पैसा आला तशी लबाडीही आली. कोणी कापसावर पाणी शिंपडून आणे, कोणी बोज्याच्या पोटात गोटे भरून आणे. मापारीबुवा बोज्यात कोपरापर्यंत हात घालत, आत चाचपत, आणि मग अलगद एखादा पावशेराचा गोटा काढून मालकाच्या हातात देत. "तुमचं लेकरू राह्यलं व्हतं आतमंदी," म्हणत. असे काढलेले गोटे ते काट्यापाशीच रचून ठेवत. सगळ्या बाजारानं ते बघावेत, असा त्यांचा हेतू होता. हंगामाच्या शेवटी तो ढीग माझ्या गुडघ्याला लागे.

त्यांच्या तोंडी एकच वाक्य कायम असे. कोणी म्हटलं, यंदा पीक बरं आहे, की हे म्हणत, "अंदाज नोको, वजन सांगा." कोणी म्हटलं, बायकोचं दुखणं जरा कमी आहे, तरी हेच. बाजारातली माणसं त्यांना वेड लागलंय म्हणत, पण भांडण झालं की दोन्ही बाजू त्यांच्याच काट्यावर येत. त्यांनी पुकारलेलं वजन पुन्हा कोणी करून पाहत नसे.

मी मूळचा हिवरखेडचा. अमरावतीत मला ना घर ना दार, म्हणून बुवांच्या घराची पुढली खोली मी घेतली होती. घरात माणसं दोनच. बुवा, आणि त्यांची नात मैनी, ही गोष्ट घडली तेव्हा सहा वर्षांची. मैनीची आई म्हणजे बुवांची एकुलती एक लेक. ती पटकीनं गेली. बापानं दर्यापुरात दुसरं घर केलं, आणि पोर आजोबांकडे राहिली. बुवांचा सगळा जीव त्या पोरीत होता, आणि त्या पोरीचा जीव कशात होता ते देवाला ठाऊक, कारण जेवणात तर नक्कीच नव्हता.

बुवा पहाटे उठून स्वतः स्वयंपाक करत. असा स्वयंपाक मी दुसऱ्या कोणत्याही पुरुषाच्या हातचा खाल्लेला नाही. ज्वारीची भाकर पापुद्रा सुटलेली, वर ताजं लोणी. मुगाचं वरण, कोवळ्या मेथीची भाजी, वांग्याचं भरीत, कधी उकडपेंडी, कधी दुधातल्या शेवया. पण सगळं वजनानं. चुलीपाशी सोनाराकडून आणलेला लहान तराजू होता. पीठ अर्धा पाव, डाळ छटाक, लोणी दोन तोळे. मीठसुद्धा ते गुंजा घालून तोलत. मग मैनीला समोर पाटावर बसवून घास पुढे करत आणि पुकारत, "लाभ."

आमच्याकडे मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. मैनी तो लाभाचा घास घेई. "दोन," म्हटलं की डोळे वटारून दुसरा घेई. तिसऱ्याला तोंड मिटे. तिसरा घास गालात जाऊन बसला की तो दुपारपर्यंत तिथंच मुक्काम करी. चौथा मी तरी कधी पाहिला नाही.

"काहून वं, भूक नाई काय?" बुवा विचारत.

"हाय."

"मंग खात काहून नाई?"

"खाऊन राह्यली ना," असं ती गालातल्या गालात म्हणे.

शेवटी कंटाळून बुवा ताट माझ्याकडे सरकवत. "मुनशी, हे घ्या. अन्न वाया जाऊ नये." मीही अन्नाचा मान राखणारा माणूस. पहिल्या हंगामातच माझ्या सदऱ्याचे बंद पुरेनासे झाले. बुवांनी एक डोळा मिटून माझ्याकडे पाहिलं आणि उदास होऊन म्हणाले, "मैनीचं सारं वजन तुमच्याकडं चाललं, मुनशी." मला लाज वाटली, पण भूक त्यानं कमी झाली नाही.

ते स्वतः मात्र तिच्याबरोबर कधी जेवत नसत. दुपारी काट्यापाशी उभ्यानंच, तळहातावर भाकर घेऊन चार घास खात, तेही न तोलता. स्वतःच्या खाण्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

चौथ्या हंगामात दसऱ्याला मैनीची दर्यापूरची आजी, बापाची आई, गाडी जुंपून थेट काट्यापाशीच आली. मोठी धिप्पाड बाई, दारात दोन म्हशी, बोलणं तोंडावर. तिनं मैनीचा दंड दोन बोटांत धरला आणि सोडून दिला.

"बुवा, ही पोट्टी हाय का मुंगन्याची शेंग? मी नेतो हिले. माह्या घरी दूध हाय, चार लेकरं हायेत, त्याइच्यात खाईन."

बुवांचा चेहरा उतरला. "इहीनबाई, संक्रांतीपर्यंत थांबा. भरवतो तिले."

"भरली पाह्यजे. चांगली डोळ्यांत भरली पाह्यजे."

आणि इथं बुवांनी जी चूक केली ती दुसऱ्या कोणी केली नसती. शहाण्या माणसानं म्हटलं असतं, हो बाई, भरेल. बुवा सवयीनं म्हणाले, "अंदाज नोको, वजन सांगा."

आजीनं मैनीला वरखाली न्याहाळलं. मग म्हणाली, "बरं. सतरा शेर. संक्रांतीले मी येतो. तुमच्याच काट्यावर तुमीच सांगा. एक छटाक कमी असंन त पोट्टी माह्या गाडीत."

तिची गाडी वळायच्या आत बुवांनी मैनीला कापसाच्या काट्यावर बसवलं होतं. साडेचौदा शेर. मैनी पारड्यात पाय हलवत बसली होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं, याकडे आम्हा दोघांचंही लक्ष नव्हतं.

मग दर सोमवारी बाजार सुरू व्हायच्या आधी मैनीचं वजन होऊ लागलं. गाडीवान, हमाल, अडते सगळे गोळा होत. जो तो सल्ला देई. एक गाडीवान म्हणे शेळीचं दूध पाजा. माळ्याची म्हातारी टोपलीतून गाजरं आणि पालक आणून देई. एकानं तर पोरीला उंटावर बसवा, भूक लागते, असं सांगितलं. उंट कुठून आणायचा ते त्याला विचारलं, तर तो रागावून निघून गेला. बुवांनी बाकी सगळं करून पाहिलं. पहिला सोमवार, साडेचौदा. दुसरा, साडेचौदा. तिसऱ्या सोमवारी सव्वाचौदा झाली आणि बुवांनी पुन्हा दोनदा वजन करून पाहिलं. तिकडे मी पावणेदोन मणांवर गेलो होतो.

मग थंडी पडली आणि चमत्कार झाला. मैनी चढू लागली. पंधरा. सव्वापंधरा. सोळा. थंडीमुळे ती बुवांची जुनी बंडी घालून काट्यावर येई. ती तिच्या गुडघ्यापर्यंत पोचे. बुवा नेकीचे. त्यांनी रिकाम्या बंडीचं वेगळं वजन करून ठेवलं होतं, ते तेवढं वजा करूनच आकडा पुकारत. सोळा झाले त्या सोमवारी त्यांनी सगळ्या बाजाराला गूळ वाटला.  ताटं मात्र अजून माझ्याकडेच येत होती, पण मी म्हटलं, आपण कशाला शंका काढा.

संक्रांतीच्या आठ दिवस आधी मी मैनीला काट्यावरून उतरवून घेत होतो, तेव्हा बंडीच्या खिशातून काहीतरी निसटून माझ्या पायाच्या अंगठ्यावर पडलं. मी मोठ्यानं कळवळलो. खाली पाहिलं तर चांगला पावशेराचा गोटा. काट्यापाशी ढीग होता ना, त्यातलाच.

मी तिला कोपऱ्यात नेलं. दोन्ही खिसे भरलेले, परकराच्या नेफ्यात फडक्यात बांधून आणखी चार. सगळा वऱ्हाड ज्यांना फसवू शकला नाही, त्यांना ही काडी तीन-चार आठवडे फसवत होती.

"मैनी, हे काय करून राह्यली तू?"

ती रडली नाही. म्हणाली, "मले दर्यापूरले नाई जाचं. आबाले सांगू नोका. आबा एकटे राह्यतीन."

आता तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? पोरीचा जीव तो, आणि एवढे दिवस तिच्या ताटातलं लोणी खाल्लेलं मी. मी गोटा उचलला आणि तिच्या खिशात परत ठेवला. अंगठा पुढे महिनाभर दुखत होता.

संक्रांतीला आजी आली. सगळा बाजार जमला होता. मैनी बंडी घालून तयार होती. बुवांनी तिला पारड्यात बसवायला उचललं आणि त्यांचा हात, बोज्यात जातो तसा, नकळत बंडीच्या खिशाकडे गेला. गेला आणि तिथंच राहिला.

मी शेजारीच होतो. त्यांच्या चेहऱ्यावर मी इतक्या वर्षांत जे पाहिलं नव्हतं ते पाहिलं. त्यांनी मैनीकडे पाहिलं. मैनीनं डोळे घट्ट मिटून घेतले होते. बुवांनी हात काढून घेतला. गोटा त्यांनी खिशातच राहू दिला. पोरीला पारड्यात ठेवलं, दुसऱ्या पारड्यात वजनं टाकली, काटा स्थिर होईस्तो थांबले आणि पुकारलं, "सव्वासतरा शेर."

आजीनं मैनीच्या गालांकडे पाहिलं. "चेहऱ्यावर त काई दिसत नाई. पण तुमी म्हनले म्हंजे झालं. तुमच्या वजनावर कोन बोलन?" तिनं चिठ्ठी मागितली, घरी दाखवायला. मी लिहिली. चार हंगामांत एवढं वळणदार अक्षर माझ्या हातून कधी आलं नव्हतं. तिळगूळ वाटून बाई निघून गेली, आणि बुवांनी मैनीला कोणाच्या हातात न देता स्वतःच उचलून घरी नेलं.

घरी गेल्यावर ते रागावले नाहीत. एकेक गोटा काढून पाटावर मांडला. चुलीजवळचा तराजू घेतला नाही, हातानंच अंदाज घेतला.

"अडीच शेर," ते म्हणाले. "लय वझं वाह्यलं वं तू."

म्हणजे मैनी खरी पावणेपंधरा शेर. तीन महिन्यांच्या दुधालोण्यातलं पावशेर तिच्या अंगी लागलं होतं, बाकीचं कुठे गेलं ते तुम्हाला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी बुवा बाजारात आले, खांद्यावरचं उपरणं काट्याच्या दांडीवर टाकलं आणि अडत्याला म्हणाले, "दुसरा मापारी पाहा." अडत्यानं हात जोडले, आम्ही सगळ्यांनी समजावलं. भर हंगामात, कापसाला असा भाव असताना, काटा सोडणारा माणूस कोणी पाहिला नव्हता. मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "बुवा, एक लेकराचं वजन ते. कापसाचं त नाई ना."

"या तोंडानं खोटं वजन निंगालं, मुनशी," ते म्हणाले. "आता लोकाइचा कापूस कोन्या तोंडानं सांगू? पोट्टी पाह्यजे व्हती मले. ते भेटली. दोन्ही कसं भेटन?"

मला त्या वेळी त्यांचा राग आला होता. आता येत नाही. 

त्यांनी माळ्याच्या मळ्यात राखणीचं काम धरलं. मळा घरामागेच, त्यामुळे दुपारी ते घरी जेवायला येऊ लागले. मळ्यात दिवसभर उभं राहून कडकडून भूक लागलेली असे. पहिल्या दिवशी मी पाहिलं, एकच ताट वाढून घेतलं आणि मुकाट्यानं खायला बसले. मैनी समोर पाटावर बसून वाट पाहत होती. लाभ नाही, दोन नाही. बुवा आपले मान खाली घालून भाकर मोडत होते. थोड्या वेळानं तिचा हात त्यांच्या ताटात गेला. एक घास. मग आणखी एक. मी दारात उभा राहून मोजत होतो आणि पाचाला मला मोजायचं भान राहिलं नाही.

त्या दिवसापासून माझी उपासमार सुरू झाली.

पुढं ती लढाई संपली, कापसाचा भाव पडला, चांदीच्या शेंब्या सोनाराकडे परत गेल्या. आमच्या अडत्यानं अकोल्याला दुकान हलवलं, त्याच्याबरोबर मीही गेलो. दीड-दोन वर्षांनी काही कामासाठी अमरावतीला आलो तेव्हा थेट बुवांच्या घरी गेलो. दुपारची वेळ होती. दोघं एका ताटावर बसली होती. बुवा बरेच वाळले होते. मैनी मात्र बाळसं धरून होती, गाल वर आलेले, मनगटात काकणं रुतलेली.

"दर्यापूरच्या इहीनबाई आखाजीले येऊन गेल्या," बुवा म्हणाले. "सारं सांगून टाकलं त्याइले. गोट्याइचं बी. लय बोलल्या मले, पार बापजाद्यापर्यंत गेल्या. मंग हिचं जेवन संपेपर्यंत इथंच बसून राह्यल्या, आन एकट्याच गाडीत बसल्या."

मला बसा म्हणाले, पाणी दिलं. ताटात शेवटची चतकोर भाकर उरली होती, वर भरताचा गोळा. मैनीनं ती ओढून घेतली. बुवांचा हात अर्ध्यावर थांबला.

"मले बी ठेव ना वं थोडं," ते म्हणाले.