घंटीवर हात ठेवणाऱ्या आक्का

आमच्या शाहूपुरीतल्या डॉक्टरांच्या टेबलावर पितळेची एक घंटी असायची. त्यांचं बोलून झालं की ते ती टणकन वाजवत आणि कंपाउंडर पुढच्या पेशंटला आत सोडे. पेशंटचं बोलून झालंय की नाही, हा प्रश्न त्यांना कधी पडत नसे. त्या घंटीवर बिनधास्त पंजा ठेवणारी अख्ख्या गल्लीत एकच बाई होती, आमच्या शेजारच्या आक्का.

"थांबा की डॉक्टर, एक ऱ्हायलंय," म्हणत त्या घंटी झाकून टाकत.

डॉक्टर भडकायचे. "बाई, डॉक्टर मी आहे की तुम्ही?"

"तुमीच की! म्हणून तर तुमास्नी इचारतोय."

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. शिरोलीच्या फाउंड्रीत यंत्रांवर आवाज चढवणारे गडी डॉक्टरांच्या स्टुलावर बसले की 'व्हय साहेब, न्हाय साहेब' यापलीकडे जात नसत. शाळेत वर्गच्या वर्ग दटावणारी मी, तिथं माझीही बोबडी वळायची. म्हणून गल्लीत कुणी आजारी पडलं की आधी आक्कांना हाक जायची. त्याही लग्नाला निघाल्यासारखं ठेवणीतलं लुगडं नेसून तयार. "साधं नेसलं की डॉक्टर उभ्याउभ्याच वाटंला लावत्यात," असा त्यांचा अनुभव होता.

एकदा त्यांच्या चुलत सासूबाई पेठ वडगावहून औषधपाण्यासाठी आल्या. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी रात्री जेवणानंतर घ्यायला सांगितली. घर जैन, म्हातारी दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंबही घेत नसे. पण डॉक्टरांना उलट कसं बोलायचं? तिनं नंदीबैलासारखी मान डोलावली आणि रोजची गोळी गुपचूप पानाच्या डबीत टाकत राहिली. गुण येईना, तसे डॉक्टर गोळी बदलत राहिले. आक्कांना डबी सापडली तेव्हा त्यांनी मला सोबत घेतलं आणि ती नेऊन थेट डॉक्टरांच्या टेबलावर उपडी केली.

"हे मला आधी का नाही सांगितलं?" डॉक्टर कडाडले.

"तुमी घंटी वाजवल्यावर सांगायचं कुनाला?"

डॉक्टरांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. गोळीची वेळ सूर्यास्ताआधीची झाली आणि म्हातारीला उतार पडला.

त्या काळी मोठा आजार निघाला की पेशंटला बाहेर बसवून नातेवाइकांच्या कानात सांगायची रीत होती. आक्कांना तिची भारी चीड. "ज्याचं दुखनं, त्यालाच ठावं नगं व्हय?" असं म्हणून त्या पेशंटचा दंड धरून त्याला स्टुलावरच बसवून ठेवत.

मग आक्काच खंगायला लागल्या. तपासण्या झाल्या. रिपोर्ट आला त्या दिवशी त्यांचा मुलगा आणि मी सोबत गेलो. ठेवणीतलं लुगडं अंगावर सैल झालं होतं. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, उगाचच चष्मा पुसला आणि म्हणाले, "आक्का, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

मुलगा लगेच उठून दार उघडायला लागला. आक्का मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"दुखनं माझं, आनि भाईर मीच बसू? सांगा डॉक्टर. ऐकतो मी."

डॉक्टरांनी घंटी उचलून ड्रॉवरमध्ये ठेवली आणि सगळं सांगितलं. पोटात गाठ होती, ती पसरली होती, ऑपरेशनचा उपयोग नव्हता. इतकं सावकाश बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. दुखेल का, घरीच राहता येईल का, शेवटपर्यंत शुद्ध राहील का, आक्कांनी एकेक विचारून घेतलं. मग पदर सावरला.

"आता काय ऱ्हायलं न्हाई. काढा ती घंटी. भाईर लोकं खोळंबल्यात."

पुढचे महिने त्यांनी आपल्या मर्जीनं काढले. हुपरीच्या चांदीकारांकडे जाऊन नातीसाठी पैंजण पसंत केले, सुनेला चार गोष्टी सुनावल्या, चार कौतुकाच्या सांगितल्या, आणि आपल्याच घरात गेल्या. मी फार रडले. अजूनही आठवण आली की डोळे भरतात.

त्यानंतर कधीतरी ताप आला म्हणून मी दवाखान्यात गेले, एकटीच. डॉक्टरांनी औषध लिहून दिलं. सवयीनं त्यांचा हात घंटीकडे गेला आणि वाटेतच थांबला.

"बाई, काही राहिलंय का?" त्यांनी विचारलं.

मला काहीच विचारायचं नव्हतं. तरी मी थोडा वेळ तशीच बसून राहिले आणि त्यांनीही घंटी वाजवली नाही.