घनपाठाचा पोशाख

माझी नात वस्त्ररचनेच्या शेवटच्या वर्षाला होती. वर्षअखेरीच्या प्रदर्शनात आपला पोशाख मंचावर यावा, हा तिचा ध्यास. आणि शिक्षिकेने तो पहिल्याच खेपेस परत पाठवला. युरोपातील काही चित्रकारांनी वस्तूच्या सर्व बाजू एकाच फलकावर मांडल्या, त्या चळवळीवर तो बेतलेला होता. शिक्षिकेचे म्हणणे असे, की हे चित्र कापडावर केवळ छापले आहे. शिवणीत ते कुठेच उतरलेले नाही. आता एकच संधी उरली होती.

बनशंकरी भागातल्या आमच्या घरी मी नुकता संध्येवरून उठलो होतो. मला कळावे म्हणून नातीने त्या चळवळीचे मराठी नाव शोधून आणले होते: घनवाद. ऐकताच मी हर्षभरित झालो. घन तर आमचाच, असे म्हणून मी मांडी घातली आणि वेदपठणातल्या घनपाठाची रीत तिला सांगू लागलो. पहिले पद, दुसरे. मग दुसरे, पहिले. पहिले, दुसरे, तिसरे. तिसरे, दुसरे, पहिले. आणि पुन्हा सरळ तिन्ही. ऋचा तीच, परंतु पुढूनही ऐकायची आणि मागूनही.

ती हसता हसता भिंतीला टेकली. "अज्जा, हा घन म्हणजे ठोकळा. तुमचा नव्हे."

"मग ठोकळ्याला मागची बाजू नसते की काय?"

तिचे हसू ओसरले. तिने वही पुढे ओढली.

"पुन्हा म्हणा. स्वल्प सावकाश."

दुसऱ्या दिवशी चिकपेटेच्या कापडबाजारात ती खणाचे प्रत्येक कापड उलटे करून पाही. अक्का उलटी बाजू नेसणार काय, असे दुकानदाराने विचारले. दोन्ही नेसणार, असे ती म्हणाली. 'सरी', म्हणजे बरे, असे म्हणून त्याने कात्री उचलली.

तिने अरुंद, मध्यम आणि रुंद अशा पट्ट्या कापल्या. पाठ सरळ जाई तेथे कापडाची सुलट बाजू, उलटा फिरे तेथे सुट्या धाग्यांची मागची बाजू. शिवणयंत्रापाशी ऋचा उच्चारणे मला रुचेना. म्हणून पदांच्या जागी पट्ट्यांची नावे घातली आणि पाठशाळेतील त्याच क्रमाने म्हणत बसलो: अरुंद मध्यम, मध्यम अरुंद, अरुंद मध्यम रुंद, रुंद मध्यम अरुंद, अरुंद मध्यम रुंद. ती जोडत गेली. शेजारीण डोकावून विचारून गेली, की हे कुठले नवे स्तोत्र.

शिक्षिकेने शिवणीवरून बोट फिरवले, पोशाख उलटून पाहिला, आणि त्याला प्रदर्शनात सर्वांत शेवटचे, मानाचे स्थान दिले.

त्या संध्याकाळी उपरणे सावरून मी पहिल्या रांगेत बसलो होतो. दिवे उजळले. पोशाख घातलेली मुलगी संथ पावलांनी आली, वळली, आणि पाठीवरची खणाची उलट बाजू सभागृहाला दिसली. लोक टाळ्या वाजवीत उठले. मी मात्र खांद्यापासून घोळापर्यंत ओठांतल्या ओठांत पाठ म्हणत होतो. शेवटच्या पट्टीपाशी पोहोचलो आणि मगच उभा राहिलो. एकही पद चुकले नव्हते.