गेटच्या पैशातलं कुंपण

माझं माहेर जंगलाच्या काठावर, बुऱ्हाणपूरहून जीपनं गेलं तर डोंगर चढता चढता लागतं. गावाच्या पुढे लगेच राष्ट्रीय उद्यानाचं गेट. तिथं माणशी तिकीट, जिप्सीचे पैसे वेगळे, गाईडचे वेगळे. या पैशातला थोडा हिस्सा काठावरच्या गावांना मिळतो, गावाची समिती सांगेल त्या कामासाठी. हे मला दादानं सांगितलं, आणि सांगताना काय खूश होता! त्याचा मका जंगलाला लागूनच. रानडुकरं एका रात्रीत पीक आडवं करतात. जाळीचं कुंपण झालं की मचाणावरची जागल सुटेल, एवढीच त्याची आस.

पण समितीचे अध्यक्ष आमचे मोठे काका. आणि आमच्या गावाची एक रीत आहे. वनखात्याचे साहेब आले की आधी जेवायला बसवायचं. वरण-बट्टी, वर तुपाची धार, घोटलेली वांग्याची भाजी. आणि जेवलेल्या पाहुण्यापाशी काही मागायचं नाही. मागितलं तर जेवण विकल्यासारखं होतं, असं काका म्हणतात. दरवर्षी साहेब हात धुऊन विचारायचे, "बताइए, गाँव को क्या चाहिए?" आणि काका हात जोडायचे, "सब ठीक है साहेब, आपकी कृपा है." झालं! मग साहेबच काम सुचवणार आणि काका सही करणार. गेटजवळ सिमेंटचा वाघ उभा राहिला, फोटो काढायला. पर्यटकांना बसायला बाकं आली. माझ्या डोक्यात तिडीक जायची नुसती.

"अहो काका, आधी मागा, मग जेवू घाला ना," मी एकदा म्हटलं.

"दारात आलेल्या माणसाशी उपाशीपोटी कामाचं बोलायचं? शहरात राहून बिघडलीस तू." माझं सासर बुऱ्हाणपूर, ते यांच्या लेखी शहर, घ्या!

गेल्या पावसाळ्यात रानडुकरानं दादाला पाडलं. मांडी फाटली. बुऱ्हाणपूरच्या दवाखान्यात टाके पडले, डबा मीच न्यायची. पाय वाचला, पण आधीसारखा चालणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. वहिनी रडली नाही की बोलली नाही. तिच्या त्या गप्प बसण्याचीच मला भीती वाटायची.

समितीच्या हिवाळ्यातल्या बैठकीला मी मुद्दाम गेले. मका पुन्हा दाण्यावर आला होता. साहेब आले, अंगणात पानं मांडली, आणि वहिनी बट्ट्यांची परात घेऊन दारातच उभी राहिली.

"साहेब, पहले जाली का लिखो. फिर परोसूँगी."

"सूनबाई!" काका कडाडले. ती हलली नाही. शाब्बास गं माझी बाई, मी मनात म्हटलं.

साहेब तसे वाईट नव्हते. ओशाळून गेले. या वर्षीचा हिस्सा लागून गेला, म्हणाले. गेटजवळच्या नव्या शौचालयाला, मागच्याच बैठकीत, काकांच्याच सहीनं. जाळीचं पुढच्या वर्षी बघू. आणि न जेवताच उठले.

काकांनी मान खाली घातली. आणि आमचा दादा? काठी टेकत उठला, डब्यात वरण ओतलं, बट्ट्या भरल्या आणि लंगडत जीपकडे निघाला.

"अरे, कुठं चाललास?" मी ओरडले.

"माणूस उपाशी चाललाय गं," तो मागे न बघता म्हणाला.

वहिनी मटकन उंबऱ्यावर बसली आणि हमसून हमसून रडली. मला इतका राग आला होता, पण दादावर काढावा, काकांवर की साहेबांवर, तेच कळेना. जीप डबा घेऊन गेली.

दादाला आता मचाणावर चढता येत नाही. दिवस कलला तशी वहिनी उठली, तोंडावर पाणी मारलं, बॅटरी घेतली आणि एकटीच शेताकडे निघाली.