सासूनं मांगलेला खडा

माह्या सासूले गालाच्या आतून फोड झाला अन् तो कॅन्सर निंघाला. अमरावतीचा डाक्टर म्हने, "आता घरी न्या. दुखनं थांबवता आलं त थांबवा, बाकी कोनाच्या हातात नाई." आमी तिले बैलगाडीत टाकून वलगावले आनलं.

दुखनं असं का बुढी खाटेची दोरी मुठीत धरून पडून राहे. पान्याचा घोट उतरे नाई.

आमच्या घरी टिनाच्या डबीत अफूचा खडा होता. तवाच्या बाया निंदनाले जात तई लेकराले जराशी चाटवत, झोपवत अन् वावराच्या बांधावर, धुऱ्यावर ठेवत. माह्या नवऱ्याले, दिराले सासूनं तसंच वाढवलं. मंग सरकारनं अफू बंद केली, पन डबी तशीच रायली.

"पोरी, तो खडा अख्खा दे मले," सासू एक दिवस म्हने. "बस झालं आता."

"आत्याबाई, जीव घेनार नाई म्हनून शील घेतलं हाये मी."

आमी सारे नागपूरले जाऊन दीक्षा घेऊन आलतो, त्याले लय वर्सं नव्हती झाली.

"मीबी तुह्या बाजूलेच होती वं," सासू म्हने. "तवा तोंड धड होतं माह्यं, म्हनून तुह्यापेक्षा मोठ्यानं म्हनलं."

दीर अकोल्याच्या गिरनीत कामाले. तो आईले पाहाले आला अन् ओसरीत रडाले लागला. "वहिनी, देऊन टाक. जनावराचेबी इतके हाल कोनी पाहात नाई."

नवरा भडकला. "अन् पोलीस आले त ही जाईन जेलात, तू नाई! डबीले हातच लावाचा नाई."

"तू दिवसभर वावरात रायतं," दीर म्हने. "तिचं कन्हनं आयकते कोन?"

ते दोघं भांडून रायले, पन देनारा हात माह्याच होता. मी उठली. 'दुखनं थांबवा' हे डाक्टरचं बोलनं मनात होतं. लेकराले चाटवत तेवढंच नखानं काढलं, दुधात घासलं अन् सासूच्या जिभेले लावलं.

"बाकीचा?" तिनं इचारलं.

"डबीत. दुखलं त उद्या अजून तेवढंच."

"कंजूस हायेस तू," म्हने अन् डोये मिटले.

जराशानं दोरी तिच्या हातातून सुटली. कन्हनं थांबलं. उठल्यावर म्हने, "केस विंचर माहे, लय गुंता झाला." अख्खा खडा तिनं मंग कधी मांगला नाई.

कापूस वेचाच्या दिवसात भर दुपारी गेली. मी बाजूलेच होती. श्वास लांब लांब होत गेला अन् थांबला.

दीर आला. आईले पाहाच्या आधी माह्याकडंच पाहून रायला. तोंडानं इचारनं त्याले जमेना. मी डबी उघडून समोर ठेवली. खडा होता, नखाच्या खुना तेवढ्या दिसत होत्या. त्यानं डबीचं झाकन लावलं.

"बरं झालं वहिनी, तू आमचं दोघायचं नाई आयकलं."

नवऱ्यानं डबी पेढी नदीत टाकली.

तेवढ्यानं तिले आराम पडला नसता त मी काय केलं असतं, मले ठाऊक नाई. तो दिवस माह्यावर आला नाई. लोक म्हनत, बुढी सुटली. मीबी सुटली. अंग धुऊन भिताडाले टेकली अन् तशीच झोपली. घरात कोनी कन्हत नव्हतं.