ज्याचं चुकेल तो थांबेल

मास्तरकी केलेल्या माणसाकडे पैसा साठत नाही, किस्से साठतात. श्रीवर्धनच्या आमच्या हायस्कुलातले निम्मे किस्से एकट्या लिमये सरांचे! ते इंग्रजी शिकवायचे, मी गणित. एकाच सुपारीच्या वाडीत आमच्या खोल्या, भिंतीला भिंत लागून.

*

अ‍ॅक्टिव्ह-पॅसिव्ह व्हॉइस सर करून दाखवायचे. दोन पोरांना पुढे बोलावलं. "राम गोविंदाला मारतो, हा अ‍ॅक्टिव्ह. आता तेच गोविंदाच्या बाजूनं!"

गोविंदानं रामाच्या कानाखाली सणसणीत वाजवली.

"अरे गाढवा," सर म्हणाले, "हा पॅसिव्ह नव्हे, हा दुसरा अ‍ॅक्टिव्ह!"

*

हेडमास्तर एकदा वैतागले. "लिमये, अजून व्हॉइसच? पोर्शन कधी संपवणार?"

"संपवून घरी जाऊन करू काय?"

स्टाफरूम हसली. मला हसू येईना. बायको गेल्यापासून सर एकटेच होते, मूलबाळ नव्हतं. माझं बिऱ्हाड म्हसळ्याला, शनिवारी मी तरी एसटी पकडायचो. भिंतीपलीकडे रोज एकच ताट घासल्याचा आवाज यायचा.

*

सरांचा नियम होता: ज्याची वाक्यं चुकतील त्यानं संध्याकाळी त्यांच्या घरी यायचं. फी नाही, वर चहा! दिवाळीपर्यंत बहुतेकांना व्हॉइस आला. एका संध्याकाळी तर कुणीच फिरकलं नाही. सर कप घेऊन माझ्या दारात.

"घ्या, चहा जास्त झालाय. चांगलं शिकवलं की असं होतं बघा!"

मी कप घेतला आणि दारातच उभ्या उभ्या चहा संपवला.

*

दुसऱ्या दिवसापासून मात्र एकटा महादू येऊ लागला. खेड्यातल्या भातशेतीवाल्याचा मुलगा, शाळेसाठी मामाकडे राहायचा. त्याचं रोज काहीतरी चुकायचंच.

"का रे, डोक्यात शिरत नाही?" मी विचारलं.

"न्हाय शिरत, सर!" म्हणाला आणि हसत पळाला.

भिंतीपलीकडे दोघांची बडबड चालायची. मलाही त्या आवाजाची सोबत वाटायची.

पुढे इन्स्पेक्शनला साहेब आले. त्यांनी नेमकं महादूलाच उभं केलं. सरांनी डोळे मिटून घेतले. साहेब वाक्यामागून वाक्य घालत गेले आणि पठ्ठ्यानं सगळी धडाधड फिरवून दाखवली, एकही चूक नाही! साहेब खूश, हेडमास्तर खूश. सर खिडकीबाहेर बघत राहिले.

आता महादू कसला येतोय, असं मी धरूनच चाललो होतो. दिवेलागणीला आला. सरांच्या दारातच उभा राहिला, मान खाली घालून.

सरांनी विचारलं, "आज काय चुकलं?"

"आज समदंच चुकलं, सर."

"मग बस. वेळ लागेल," सर म्हणाले आणि त्यांनी चहाचं आधण ठेवलं.